झरियाचा कोळसा आणि मधला माणूस

१ मे १९७२ रोजी, म्हणजे कामगार दिनीच, प्रामुख्याने आजच्या झारखंडमधील धनबाद जिल्ह्यातल्या झरिया कोळसाक्षेत्रातील २१४ कोकिंग कोळशाच्या खाणी आणि १२ कोक भट्ट्या कायद्याने सरकारच्या मालकीच्या झाल्या. खासगी मालक गेले, त्यांच्या जागी भारत कोकिंग कोल लिमिटेड ही सरकारी कंपनी आली आणि ज्या मजुराला मालक मन मानेल तसे राबवत असे, तो सरकारी नोकर झाला. कागदावर पाहिले तर कामगार चळवळीने मागितलेले जवळजवळ सगळे मिळाले होते. तरीही पुढच्या दहा-पंधरा वर्षांत धनबादचे नाव देशभर गाजले ते 'कोल माफिया' या शब्दामुळे. खासगी मालक गेल्यावर टोळ्यांचे राज्य सैल पडायला हवे होते. ते उलट घट्ट का झाले, हा प्रश्न झरियाच्या इतिहासाकडे पाहणाऱ्या प्रत्येकाला पडतो. माझ्या मते त्याचे उत्तर खाणीच्या मालकीच्या इतिहासात नाही, तर मालक आणि मजूर यांच्यामध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या इतिहासात आहे. म्हणून हा लेख त्या मधल्या माणसाच्या मागोमाग जातो.

आधी कोळशाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण इथले राजकारण कोळशाच्या जातीवर उभे आहे. जळण म्हणून कोणताही कोळसा चालतो, पण पोलादासाठी झोतभट्टीत लोहखनिजाबरोबर जो कोक घालावा लागतो, तो कोणत्याही कोळशापासून बनत नाही. हवा न लागू देता तापवल्यावर जो मऊ होतो आणि नंतर घट्ट, सच्छिद्र ढेकूळ बनतो, तोच कोकिंग कोळसा. भारतात त्याचा उत्तम साठा दामोदर खोऱ्यातील झरिया परिसरात, सुमारे ४५० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात आहे. त्याचे थर जाड आहेत, एकावर एक आहेत आणि अनेक ठिकाणी जमिनीपासून फारसे खोल नाहीत. थर उथळ असल्याने मोठे भांडवल नसलेल्या माणसालाही इथे खाण उघडता आली. त्यामुळे इंग्रज मॅनेजिंग एजन्सींच्या मोठ्या खाणींच्या शेजारी बंगाली, मारवाडी आणि कच्छी मालकांच्या कितीतरी लहान खाणी उभ्या राहिल्या. अशा लहान मालकाला दूरवरून मजूर आणणे, त्यांना राहायला जागा देणे आणि खाणीत त्यांच्यावर देखरेख ठेवणे परवडत नसे. ते काम तो दुसऱ्याला देऊन टाकी.

भारतात कोळसा काढण्याची पहिली नोंदलेली खटपट १७७४ मध्ये शेजारच्या राणीगंज भागात सम्नर आणि हीटली या इंग्रजांनी केली. १८४३ मध्ये, द्वारकानाथ टागोर यांच्या पुढाकाराच्या काळात, बंगाल कोल कंपनी स्थापन झाली आणि १८५५ मध्ये कलकत्त्याकडून आलेली रेल्वे राणीगंजला पोहोचली. झरियाला लोहमार्ग मिळायला १८९० च्या दशकाची वाट पाहावी लागली, पण त्यानंतर दहा-बारा वर्षांतच झरियाने उत्पादनात राणीगंजला मागे टाकले.

मजूर मिळवण्याची पद्धत मात्र दोन्हीकडे सारखी नव्हती. १७९३ च्या कायमधारा पद्धतीने जमीनदाराला जमिनीवर मालकी मिळाली होती आणि जमिनीखालच्या खनिजावरही त्याचाच हक्क धरला जाई. राणीगंजकडच्या बड्या कंपन्यांनी जमीनदाऱ्याच विकत घेतल्या. कंपनीच जमीनदार झाल्याने, खाणीत काम कराल तरच कसायला जमीन मिळेल, अशी अट ती संथाळ आणि बाउरी कुटुंबांना घालू शकत असे. झरियात बहुतेक खाणमालकांनी झरियाच्या राजाकडून सलामी (एकरकमी नजराणा) आणि रॉयल्टी भरून केवळ कोळशाचा पट्टा घेतला होता. त्यांच्याकडे द्यायला जमीन नव्हती. म्हणून मजूर हजारीबाग, गया, मुंगेरकडून आणि तेव्हाच्या मध्य प्रांतातील बिलासपूरहून आणावे लागले, आणि ते आणून देणारा माणूस महत्त्वाचा ठरला.

सुरुवातीला हा माणूस टोळीचा सरदार होता. पुढे त्याच्या डोक्यावर 'रेजिंग कॉन्ट्रॅक्टर' आला, म्हणजे कोळसा वर काढून देण्याचाच ठेका घेणारा. मालक त्याला टनामागे ठरलेली रक्कम देई. मजूर आणणे, त्यांना 'धौडा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोंदट खोल्यांच्या रांगांत ठेवणे, उचल देणे, काम करून घेणे आणि मजुरी वाटणे हे सगळे ठेकेदाराचे काम. ऊसतोडीचा मुकादम ज्याने पाहिला आहे त्याला ही व्यवस्था वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. उचलीने बांधलेला मजूर, मधला मुकादम आणि 'माझा मजुराशी संबंध नाही' म्हणणारा कारखानदार ही तीच रचना आहे. तिथे जसा नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता' धरतात, तसे झरियातही कामाचे एकक जोडपे हेच होते. 'मलकट्टा' म्हणजे कोळसा तोडणारा पुरुष गैंत्याने (कुदळीने) कोळसा पाडी आणि 'कामिन' म्हणजे त्याची बायको किंवा बहीण तो टोपलीतून वाहून टबात भरी.

हा टब जरा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण मजुराची फसवणूक त्यातच होत असे. टब म्हणजे रुळांवरून ढकलत नेण्याची लोखंडी गाडी. मजुरी दिवसावर नव्हे, तर भरलेल्या टबांवर मिळे. दर काठोकाठ टबाचा ठरलेला असे, पण मुन्शी शिगोशीग भरलेला टब मागे, आणि दगड निघाला किंवा टब 'कमी' वाटला तर तो हिशेबातूनच उडवी. रिकामे टब वेळेवर आले नाहीत तर मजूर अंधारात तासन्‌तास बसून राही आणि त्या वेळेचे त्याला काहीच मिळत नसे. छताला टेकू लावायला, धोक्याची जागा सोडून द्यायला जो वेळ लागे तोही त्याच्याच पोटातून जाई. सुरक्षितता म्हणजे मजुराचे नुकसान, असे गणित या दरपद्धतीने करून ठेवले होते, आणि त्यानंतर झालेल्या अपघातांकडे पाहताना हे विसरून चालत नाही.

१९२१ मध्ये ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसचे दुसरे अधिवेशन झरियात भरले, आणि त्याचे अध्यक्ष होते लोकमान्यांचे सहकारी जोसेफ उर्फ काका बाप्टिस्टा. गिरणगावाबाहेरच्या मजुरांपर्यंत संघटना नेण्याचा हा मोठा प्रयत्न होता आणि खाणमालकांना त्याची चांगलीच धास्ती वाटली. १९२८ मध्ये याच संघटनेचे अधिवेशन पुन्हा झरियात भरले आणि तिथे पुढच्या वर्षासाठी जवाहरलाल नेहरूंची अध्यक्षपदी निवड झाली. या अधिवेशनांतून झरिया देशाच्या नकाशावर आले, पण खाणीत टिकाऊ संघटना उभी राहिली नाही. मजूर पेरणी-कापणीला गावी जात, धौड्यात राहणे ठेकेदाराच्या मर्जीवर असे आणि त्याच्या लाठीवाल्या पहिलवानांपुढे बाहेरून आलेल्या पुढाऱ्याचे काही चालत नसे. कायदेही सावकाश आले. १९२३ च्या खाण कायद्याने तेरा वर्षांखालील मुलांना खाणीत बंदी केली आणि भूमिगत कामाचा आठवडा ५४ तासांवर आणला. १९२९ पासून स्त्रियांचे भूमिगत काम टप्प्याटप्प्याने बंद करायला सुरुवात झाली आणि १९३७ मध्ये ते पूर्ण थांबले. त्याआधी कोळसा खाणींच्या मजुरांत एक तृतीयांशाहून अधिक स्त्रिया होत्या. बंदीचा हेतू चांगला होता, परंतु जोडप्याने मिळून कमावलेल्या मजुरीतला एक हात काढून घेतला आणि उरलेल्या हाताचा दर त्या प्रमाणात वाढवला नाही, तर काय होते ते इथल्या कुटुंबांनी सोसले.

याच प्रश्नावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा झरियाशी संबंध येतो. ते १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. युद्धामुळे कोळशाची मागणी वाढली, मजूर लष्करी बांधकामांकडे वळले आणि १९४३ मध्ये सरकारने स्त्रियांवरील बंदी उठवली. हा निर्णय बाबासाहेबांच्याच खात्याचा होता आणि त्यावर कडक टीका झाली. कायदेमंडळात त्यांनी तो आणीबाणीचा, तात्पुरता उपाय म्हणून मांडला आणि समान कामासाठी स्त्री-पुरुषांना समान वेतन हे तत्त्व इथे प्रथमच मान्य झाल्याकडे लक्ष वेधले. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादला गेले, स्वतः खाणीत उतरले, मजुरांची घरे त्यांनी पाहिली. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४४ मध्ये, कोळशावर उपकर लावून कोळसा खाण कामगार कल्याण निधी स्थापन करणारा वटहुकूम निघाला. धनबादचे मध्यवर्ती रुग्णालय याच निधीतून उभे राहिले. स्त्रियांवरील बंदी १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. बाबासाहेबांच्या चरित्रांत या कामगिरीला दोन-चार ओळींहून अधिक जागा क्वचितच मिळते, याचे मला नेहमी नवल वाटते, कारण मजुराच्या हिताचा पैसा मालकाच्या दयेवर न ठेवता टनाटनावर कायद्याने वसूल करण्याची ही कल्पना ठेकेदाराला वळसा घालून थेट मजुरापर्यंत पोहोचणारी होती.

स्वातंत्र्यानंतर चित्र निराळे झाले. १९४८ मध्ये खाण कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी आला, लवादांचे निवाडे आले आणि १९६७ मध्ये वेतन मंडळाच्या शिफारशी आल्या. कागदोपत्री मजुरी वाढत गेली, पण खासगी मालकांनी ती देण्याचे टाळण्याचे मार्ग शोधले. दोन हजेरीपट ठेवणे हा त्यातला नेहमीचा. याच काळात मधल्या माणसाने नवा वेश घेतला. उघड ठेकेदारीला कायद्याने अडचण होऊ लागली, तेव्हा जो काल मजूर पुरवत होता आणि ज्याच्या पदरी पहिलवान होते, तो आज युनियनचा पुढारी झाला. मजुराला काम हवे तर युनियनची पावती, खोली हवी तर युनियनची चिठ्ठी, आणि मालकाला संप नको असेल तर त्यानेही त्याच पुढाऱ्याशी बोलावे, अशी घडी बसली. सगळ्याच युनियन अशा होत्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण सत्ताधारी पक्षाच्या छत्राखालच्या संघटनांत ही वृत्ती बळावली हे खरे आहे. यात प्रांताची आणि जातीची फूटही मिसळली. लाठी आणि कारकुनी हाती असलेले बहुतेक पश्चिमेकडच्या, भोजपुरी भागातील बलिया, आरा, छपऱ्याकडून आलेले होते, तर कोळसा तोडणाऱ्यांत संथाळ आदिवासी, कुर्मी आणि बाउरी व इतर दलित अशा स्थानिकांचा भरणा मोठा होता.

राष्ट्रीयीकरणामागे दोन कारणे होती, आणि त्यांतले एकच मजुरांचे होते. दुसरे कारण पोलादाचे. खासगी मालक वरचा, सहज निघणारा कोळसा ओरबाडून खाण सोडून देत, त्यामुळे खालचे थर कायमचे अडकत आणि बोकारोसारख्या सरकारी पोलाद प्रकल्पांना लागणाऱ्या कोकिंग कोळशाची नासाडी होई. ऑक्टोबर १९७१ मध्ये वटहुकमाने व्यवस्थापन ताब्यात आले आणि मे १९७२ मध्ये मालकी आली. टाटांच्या आणि इस्कोच्या पोलाद कारखान्यांच्या स्वतःच्या खाणी त्यातून वगळल्या होत्या. जानेवारी १९७३ मध्ये उरलेल्या बिगर-कोकिंग खाणी ताब्यात आल्या, त्या वेळी मोहन कुमारमंगलम खाणमंत्री होते. १ नोव्हेंबर १९७५ रोजी कोल इंडिया स्थापन झाली.

घोळ झाला तो ताबा घेतानाच. सरकारला खऱ्या मजुरांची यादी हवी होती, आणि यादी बनवणार कोण? ज्याच्याकडे हजेरीपट होते तोच. कायम सरकारी नोकरी, चांगले वेतन आणि वारसाला काम मिळण्याची शक्यता हे सगळे समोर दिसताच हजेरीपटातील जागेला एकाएकी किंमत आली. वर्षानुवर्षे कोळसा तोडणारे अनेक स्थानिक आदिवासी आणि दलित मजूर यादीतून गळाले आणि पुढाऱ्यांच्या गावाकडची, नात्यातली नावे आत शिरली. ज्या मजुरांसाठी हा निर्णय झाला असे सांगितले जात होते, त्यांतल्या कित्येकांचा रोजगार त्याच निर्णयाने गेला.

सरकारी मालकीत पैशाचे नवे झरेही फुटले. मजूर कायम झाला, तरी कोळशाची वाहतूक, ट्रक भरणे आणि वाळू पुरवणे ही कामे ठेक्याने दिली जात राहिली. वाळूचा ठेका तर समजून घेण्यासारखा आहे. कोळसा काढल्यावर मागे पोकळी राहते. छत कोसळू नये आणि हवा आत जाऊ नये म्हणून तिच्यात दामोदरची वाळू पाण्याबरोबर भरावी लागते. ही वाळू जमिनीखाली जात असल्याने किती ट्रक आले आणि किती आत गेली हे नंतर मोजता येत नाही. कागदावर भरलेली आणि प्रत्यक्षात न भरलेली वाळू हे धनबादच्या टोळ्यांचे मोठे उत्पन्न होते. त्याशिवाय पगाराच्या दिवशी खजिन्याच्या खिडकीबाहेर उभे राहणारे सावकार होते आणि हजेरीपटातले अस्तित्वात नसलेले मजूर होते. बलियाहून आलेले आणि १९७७ मध्ये झरियाचे आमदार झालेले सूर्यदेव सिंह हे या काळातले सर्वांत गाजलेले नाव. युनियन, ठेका आणि विधानसभेची जागा या तिन्ही गोष्टी एकाच घरात असणे इथे पुढे नेहमीचेच झाले.

याला विरोध झालाच नाही असे मात्र नाही, आणि झरियाच्या इतिहासातला सर्वांत उजळ भाग तोच आहे. ए. के. राय हे केमिकल इंजिनिअर. धनबादजवळच्या सिंदरीच्या खत कारखान्यात नोकरीला आले, १९६६ च्या आंदोलनातील सहभागामुळे नोकरी गेली आणि दुसऱ्याच वर्षी ते सिंदरीचे आमदार झाले. मार्क्सवादी पक्षातून बाहेर पडल्यावर त्यांनी मार्क्सवादी समन्वय समिती स्थापन केली. १९७७ मध्ये तुरुंगात असतानाच ते धनबादचे खासदार म्हणून निवडून आले आणि १९८० व १९८९ मध्ये पुन्हा निवडून आले. खासदारकीचे निवृत्तिवेतन त्यांनी घेतले नाही, मालमत्ता केली नाही. पक्षाच्या कार्यालयातच त्यांचा मुक्काम असे. त्यांचे वेगळेपण केवळ साधेपणात नव्हते. त्यांनी ओळखले की इथला मजूर केवळ मजूर नाही, तो आपल्याच जमिनीवर उपरा झालेला माणूसही आहे, आणि म्हणून लाल झेंड्याची आणि वेगळे झारखंड राज्य मागणाऱ्या हिरव्या झेंड्याची मैत्री व्हायला हवी.

या मैत्रीतले दुसरे नाव बिनोद बिहारी महतो या वकिलांचे. कुर्मी समाजातील दारू, हुंडा आणि अशिक्षितपणा यांविरुद्ध साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी जी संघटना काढली, तिचे नाव 'शिवाजी समाज' होते. तिसरे शिबू सोरेन, ज्यांनी टुंडी भागात सावकारांनी बळकावलेल्या शेतांतील धान कापून नेण्याचे आंदोलन उभे केले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीस या तिघांच्या एकत्र येण्यातून धनबादमध्ये झारखंड मुक्ती मोर्चाचा जन्म झाला. काही वर्षे खाणीतला आणि शेतातला लढा खरोखरच एकमेकांना धरून चालला. नंतर वाटा वेगळ्या झाल्या. १५ नोव्हेंबर २००० रोजी झारखंड राज्य झाले, पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये समन्वय समितीचे आमदार गुरुदास चटर्जी यांची हत्या झाली होती.

खाणीतली सुरक्षितता राष्ट्रीयीकरणाने आपोआप आली नाही. २७ डिसेंबर १९७५ रोजी चासनाला खाणीत जुन्या, पाण्याने भरलेल्या पोकळीची भिंत फुटली आणि ३७५ माणसे मृत्युमुखी पडली. ही खाण इस्कोची होती आणि इस्कोचे व्यवस्थापन तेव्हा सरकारकडेच होते. २००१ मध्ये बागडिगी खाणीत पाणी घुसून २९ जण दगावले. जमिनीखालची आग तर त्याहून जुनी आहे. तिची पहिली नोंद १९१६ मधली, भौरा खाणीतली. उघड्या पडलेल्या कोळशाला हवा लागली की तो आपोआप तापतो आणि पेट घेतो. न भरलेल्या पोकळ्या आणि अर्धवट सोडलेल्या खाणी त्या हवेला वाट देतात. वाळूचा न झालेला भराव आणि आज झरियात खचणारी घरे यांचा संबंध असा थेट आहे.

आगीवरचा सरकारी उपाय म्हणजे २००९ मध्ये मंजूर झालेला मास्टर प्लॅन, ज्यात ७,००० कोटींहून अधिक रुपयांची तरतूद होती आणि बेलगढिया येथे नवी वसाहत उभी राहू लागली. जून २०२५ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती मंजूर झाली. या योजनेत माणसांची विभागणी पाहिली की जुना इतिहास पुन्हा समोर येतो. कंपनीच्या कामगाराला कंपनीचे घर, जमिनीची कागदपत्रे असलेल्याला एक मोबदला आणि कागद नसलेल्याला वेगळा. हजेरीपटात नाव नसलेल्यांची आणि जमिनीचा कागद नसलेल्यांची संख्याच आगीवरच्या वस्त्यांत सर्वांत मोठी आहे. खाणीच्या कडेचा कोळसा वेचून दोनशे किलोच्या आसपासचे ओझे सायकलवर लादून चढावर ढकलत नेणारी माणसे बहुधा याच वस्त्यांतली.

आता मधला माणूस पुन्हा उघडपणे परतला आहे आणि या वेळी त्याचे नाव 'आउटसोर्सिंग कंपनी' असे आहे. गेल्या वीसेक वर्षांत भूमिगत खाणी बंद पडत गेल्या, उघड्या खाणींत मोठी यंत्रे आली आणि माती हटवण्यापासून कोळसा काढण्यापर्यंतचे काम टनाच्या दराने ठेक्यावर गेले. बायकांचा कामातला वाटा तर आधीच आटला होता, कारण स्त्री-कामगाराने मुदतीआधी निवृत्ती घेऊन मुलाला नोकरी द्यावी अशा योजना आल्या आणि ती नोकरी पुन्हा स्त्रीकडे आली नाही. कायम कामगारांसाठी मे २०२३ मध्ये अकरावा वेतन करार झाला आणि त्यात १९ टक्के किमान वाढ मिळाली. ठेक्यावरचा मजूर या कराराच्या बाहेर आहे. त्याच्यासाठी उच्चाधिकार समितीने ठरवलेले वेगळे दर आहेत आणि ते पूर्ण मिळत नसल्याची तक्रार सतत होते. जुलै २०२० मध्ये व्यावसायिक खाणकामाविरुद्ध, म्हणजे खासगी कंपन्यांना विक्रीसाठी कोळसा काढू देण्याविरुद्ध, सर्व मोठ्या युनियननी तीन दिवसांचा संप केला, तेव्हा मुख्य मागणी कोळसा कोणाच्या मालकीचा राहावा याविषयी होती. ठेकेदाराकडे राबणाऱ्याचा हजेरीपट कोणाच्या हाती असावा, हा प्रश्न वेतन कराराच्या टेबलावर अजून आलेला नाही, आणि त्या टेबलावर बसणाऱ्या युनियनची वर्गणी कायम कामगाराच्या पगारातून कापली जात असल्याने तो तिथे येण्याची घाईही कोणाला दिसत नाही.